उंदराचं बिल

लोणी काळभोर मागं पडून दहा मिनिटं झाली असतील, तोच श्यामलाबाईंच्या गाडीचे पुढचे दिवे एकदा लुकलुकले आणि गेले. पाठोपाठ समोरच्या मीटरचे काटेही काळोखात बुडाले, आणि कुणी हात न लावता वायपर कोरड्या काचेवर खरडायला लागले. दिवस मावळून गेला होता. सोलापूर रस्त्यावर ट्रकांची रीघ होती आणि मागून एक कंटेनर हॉर्नवरचा हात न काढता येत होता. श्यामलाबाईंनी डावा इंडिकेटर दिला. तो लागला नाही. हॉर्न तर बुधवारपासूनच मुका झाला होता.

"बाजूला घे गं," शेजारी बसलेले दीनानाथ म्हणाले. तो आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"घेतेय."

पुढच्या टेम्पोच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून त्यांनी अंदाजानं गाडी डावीकडे काढली. चाकं डांबरावरून मुरुमात उतरली, आणि त्याच वेळी कंटेनर इतक्या जवळून गेला की गाडीचा उजवा आरसा फटकन दुमडला. गाडी थांबली. वायपर मात्र खरडतच होते. श्यामलाबाईंनी किल्ली काढून घेतली तेव्हा कुठं ते थांबले.

दीनानाथांनी सीटबेल्ट सोडला. मग म्हणाले, "ही गाडी विकून टाकू या. आणि तूही आता पुरे कर. वय झालं आपलं."

कंटेनरपेक्षा हे बोलणं श्यामलाबाईंना जास्त लागलं.

श्यामलाबाईंनी एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं. गाडी त्या पंचेचाळिसाव्या वर्षी शिकल्या, आणि सहासष्टाव्या वर्षीही त्यांच्या कोथरूडच्या सोसायटीत खांबाशेजारच्या अवघड जागेत एका दमात गाडी लावणाऱ्या त्या एकट्याच होत्या. दीनानाथ जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं. बायको चालवणार, आपण शेजारी बसून पाट्या वाचणार, असा वीस वर्षांचा शिरस्ता होता. 'पुरे कर' हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं.

आणि चूक आपली नाही, याची श्यामलाबाईंना पक्की खात्री होती. महिन्याभरापूर्वी गिअरबॉक्स कुरकुरायला लागला म्हणून त्यांनी गाडी जयसिंगच्या गॅरेजात दिली होती. हे गॅरेज कोथरूडच्या पुढं, गावाची जमीन शहरात गेली त्या भागात. जयसिंगच्या घरचं तिथं वावर होतं. अर्धं बिल्डरला गेलं, उरलेल्या तुकड्यावर त्यानं पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलं. पोरगा बोलायला गोड, कामाला चोख, असा त्याचा लौकिक. गिअरबॉक्सचा एक भाग मुंबईहून यायला वेळ लागला आणि गाडी अकरा दिवस तिथंच पडून राहिली. अठ्ठावीस हजार झाले. श्यामलाबाईंनी घासाघीस न करता चेक फाडला. मंगळवारी गाडी घरी आली. शुक्रवारी डावा इंडिकेटर चौपट वेगानं टकटकायला लागला. त्यांनी लगेच फोन केला, तर जयसिंग म्हणाला, "बल्ब गेला असेल मॅडम, इकडं आलात की बघून देतो." पुढच्या बुधवारी हॉर्न गेला. आणि रविवारी दीनानाथांच्या ऑफिसातल्या मित्राच्या नातवाचं बारसं आटोपून येताना हे असं झालं.

गिअरबॉक्स उतरवायचा तर बॅटरी आणि तिच्या भोवतालच्या वायरी आधी सोडवाव्या लागतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. ते काम जयसिंगकडच्या सोनबा नावाच्या इलेक्ट्रिशियननं केलं होतं. परत बसवताना त्यानं कुठंतरी वायर चेपली असणार. गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकच्या मागं उभं राहून त्यांनी जयसिंगला फोनवर तसं स्पष्ट सांगितलंही होतं. तो फक्त "बघतो मॅडम" म्हणाला.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला.

"मॅडम, गाडी रेडी आहे. उंदरानं वायरी खाल्ल्या होत्या. सगळी जुडीच बदलावी लागली."

"उंदीर वायरी खात नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. "कुरतडतो."

"तेच ते, मॅडम."

"बिल किती?"

"एक्केचाळीस हजार आठशे पन्नास. टोइंग धरून."

श्यामलाबाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग परत कानाला लावला. "काम करायच्या आधी हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच म्हणाला होता मॅडम, काय ते लवकर दुरुस्त करा. आणि सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर, त्याला आम्ही काय करणार? आमच्या कामाची गॅरंटी आहे, उंदराची नाही."

संध्याकाळी घरात हाच विषय. दीनानाथांचं म्हणणं, पैसे देऊन टाकावेत, गाडी आणावी आणि विकावी. "तू तिथं जाऊन शाळा घेणार, तो उलट बोलणार, तुझं ब्लडप्रेशर चढणार. एवढं करून काय मिळणार आहे?"

"माझं बरोबर होतं हे कळेल."

"कुणाला?"

श्यामलाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दीनानाथांनी पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला दोघं रिक्षानं गॅरेजात गेले. दीनानाथांनी शर्टाच्या खिशात चेकबुक घेतलं होतं, ते श्यामलाबाईंना दिसलं. शेडच्या तोंडाशी जयसिंगचं टेबल होतं आणि त्याच्या मागं भिंतीवर खिळ्यांना गाड्यांच्या किल्ल्या टांगलेल्या. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक लॅपटॉप मांडीवर घेतलेला तरुण आणि एक हेल्मेट कुशीत धरलेले गृहस्थ. शेडला लागून घरच्यांचा गोठा होता. तिथल्या म्हशींचा वास आणि ऑइलचा वास एकमेकांत मिसळला होता. श्यामलाबाईंची पांढरी गाडी मागच्या अंगणात कुंपणाशी उभी होती.

जयसिंगनं उठून खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, आणि बिल पुढं सरकवलं. वायरींची जुडी आणि बाकीचं सामान बत्तीस हजार चारशे पन्नास. मजुरी सहा हजार पाचशे. टोइंग दोन हजार नऊशे.

श्यामलाबाईंनी बिल वाचून घडी घातली आणि टेबलावर ठेवलं. "चहा नको. हे बिल मी देणार नाही."

"मॅडम, काम झालंय."

"काम बिघडवलं कुणी, ते आधी ठरवू. गाडी तुमच्याकडे यायच्या आधी तिचा एक दिवा कधी गेला नव्हता. तुमच्याकडून आली आणि तिसऱ्या दिवशी इंडिकेटर गेला. मी फोन केला होता. तुम्ही म्हणालात, बल्ब गेला असेल."

"उंदराला एक रात्र बास होते, मॅडम. तीन रात्री म्हणजे खूप झाल्या."

"उंदीर मध्ये आणू नका." श्यामलाबाईंचा आवाज वर्गातला झाला. मागच्या बाकापर्यंत पोचणारा, पण न चढणारा. "गिअरबॉक्स काढताना तुमच्या सोनबानं वायरिंग सोडवलं. बसवताना घाईत चेपलं. गाडी धक्के खात चालली, वायर घासत गेली, एकेक करून सगळं बंद पडलं. आणि आता स्वतःचा हलगर्जीपणा झाकायला तुम्ही एका मुक्या प्राण्याचं नाव पुढं करताय."

लॅपटॉपवाल्या तरुणाची बोटं थांबली. शेडमध्ये एका गाडीखालून एक माणूस सरकत बाहेर आला आणि उभा राहिला. पन्नाशीचा, केस पिकलेले, हातात पक्कड. त्याच्या पाठोपाठ शेडमधली ठोकाठोकीही बंद झाली.

"बाई, मी सोनबा," तो म्हणाला. "चोवीस वर्सं झाली मला ह्या धंद्यात. चेपलेली वायर मी गाडीत ठेवत न्हाय."

"मग दाखवा. जुनी जुडी कुठं आहे?"

"मॅडम, जुनं सामान आम्ही फेकून देतो," जयसिंग घाईनं म्हणाला.

सोनबानं मालकाकडे पाहिलं. "हाय माझ्याकडं," तो म्हणाला. "तांबं असतंय त्यात. मी ठेवतो."

जयसिंगच्या कपाळाची शीर तट्ट झाली, पण गिऱ्हाइकांसमोर तो काय बोलणार? सोनबा आत गेला आणि एक पोतं घेऊन आला. त्यातून वायरींची काळी जुडी काढून त्यानं टेबलावर, बिलाशेजारी टाकली. दीनानाथांनी खुर्ची जरा मागं घेतली.

श्यामलाबाईंनी चष्मा बदलला. काय दिसणार ते त्यांना आधीच ठाऊक होतं: चपटी झालेली वायर, तडकलेलं प्लॅस्टिक, घासून काळा पडलेला भाग. त्यांनी जुडी उचलली, दारातल्या उन्हात धरली आणि एकेक वायर बोटांनी वेगळी करत गेल्या. एक मिनिट गेलं. दोन गेली. हेल्मेटवाले गृहस्थ उठून जवळ येऊन उभे राहिले.

वायर कुठंही चपटी नव्हती. प्लॅस्टिक जागोजागी तिरकं छिललेलं होतं, पटाशीनं लाकूड तासावं तसं, आणि प्रत्येक छिललेल्या जागी दोन दोन बारीक खाचा शेजारी शेजारी. वरच्या जबड्यातले दोन दात, खालचे दोन. एकतीस वर्षं दरवर्षी पोरांच्या हातात उंदराची कवटी देऊन त्यांनी हेच समजावलं होतं. हे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला जन्मभर काहीतरी कुरतडत राहावं लागतं. हा पुरावा परीक्षेत ओळखायला कुणी पुढं ठेवला असता तर त्यांनी दोन सेकंदांत उत्तर दिलं असतं.

बोलायचं नसतं तर वेळ मारून नेता आली असती. आपण तज्ज्ञ नाही, लॅबमध्ये पाठवू, असं काहीही म्हणता आलं असतं. दीनानाथ त्यांच्याकडेच बघत होते.

त्यांनी जुडी खाली ठेवली. "हे उंदराचंच काम आहे," त्या म्हणाल्या. मग सोनबाकडे वळल्या. "तुम्ही वायर चेपलेली नाही. मी न बघता तुमचं नाव घेतलं, तेही सगळ्यांसमोर. माझी चूक झाली."

सोनबानं पक्कड या हातातून त्या हातात घेतली, एवढंच.

जयसिंगनं मोठा श्वास सोडला आणि बिल पुन्हा पुढं सरकवलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिला गोडवा परत आला होता. "झालं तर मग, मॅडम. होतं असं. मी पाचशे कमी करतो, तुम्ही जुनं गिऱ्हाईक आहात."

दीनानाथांचा हात खिशाकडे गेला.

"थांबा हो," श्यामलाबाई म्हणाल्या. त्या अजून जुडीकडेच बघत होत्या. एवढं कुरतडायचं तर उंदीर येऊन-जाऊन राहिलेला नाही. त्यानं वस्ती केली असणार. आणि वस्ती केली तर घरटं असणार, उबेला, इंजिनापासून लांब नाही अशा ठिकाणी. "सोनबा, घरटं सापडलं का?"

"घरटं न्हाय दिसलं."

"बघितलं होतंत?"

"वायपरच्या खालची जाळी काढावी लागती त्याला. ती काढायचं काम न्हवतं."

"आता काढाल का?"

"मॅडम, गाडी तयार आहे, आता परत उघडायची म्हणजे..." जयसिंग म्हणायला लागला, पण सोनबा चालू लागला होता. का, ते श्यामलाबाईंना कळलं नाही. नाव पुरतं धुऊन घ्यायचं असेल, किंवा जाळी न काढता काम संपवलं हे त्यालाच सलत असेल.

सगळे मागच्या अंगणात गेले. बाकावरचे दोघंही आले. सोनबानं बॉनेट उघडलं, वायपर उपसले, काचेखालची लांबलचक काळी जाळी क्लिपा दाबत सोडवली आणि उचलली. उजव्या कोपऱ्यात, दोन मुठी मावतील एवढा एक गोळा होता. उंदीर नव्हता. वास होता.

श्यामलाबाईंनी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढून हाताला गुंडाळली, गोळा उचलला आणि गाडीच्या टपावर ठेवून हळूहळू उलगडला. निळ्या कागदाच्या चिंध्या निघाल्या. गाडी धुतल्यावर पायाखाली घालतात त्या कागदाच्या, त्यावर जयसिंगच्या गॅरेजचं अर्धं नाव होतं. रंगीबेरंगी सुताचे पुंजके निघाले, ऑइल पुसायला वापरतात ते.

"हे तुमच्या गॅरेजातलं," त्या म्हणाल्या.

"गाडीतलंच आहे, मॅडम." जयसिंग आता हसत नव्हता. "कागद आम्ही प्रत्येक गाडीत घालतो. तो तुमच्याबरोबर तुमच्या पार्किंगमध्ये गेला. सूतही बॉनेटमध्ये राहिलं असेल एखादं. उंदरानं तिथं फाडलं. यावरून काय सिद्ध होतं?"

ते खोटं नव्हतं. दीनानाथ घसा खाकरून म्हणाले, "श्यामला, आता..."

पण श्यामलाबाईंची बोटं चालूच होती. गोळ्याच्या अगदी आत, जिथं उंदीर अंग टाकत असेल तिथं, मऊ पांढरट तुसाला चिकटलेली काळसर टरफलं होती, वाटाण्याहून लहान, अर्धी खाऊन पोकळ केलेली. त्यांनी एक चिमटीत धरलं. ज्वारी नाही, गहू नाही. वरून कापसाची बारीक लव. त्यांनी ते टरफल तळहातावर घेतलं आणि मान वर करून कुंपणापलीकडच्या गोठ्याकडे पाहिलं.

गोठ्यात एक म्हातारी बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, म्हशीपुढं पेंड टाकत होती. ही जयसिंगची आई तुळजाबाई, हे श्यामलाबाईंना माहीत होतं. मागं एकदा त्यांच्याकडूनच त्यांनी खरवसाचं दूध नेलं होतं.

"तुळजाबाई, जरा येता का?"

"आईला कशाला मध्ये?" जयसिंग पटकन म्हणाला. "मॅडम, तुम्ही माझ्याशी बोला."

पण तुळजाबाई हात पुसत कुंपणाशी आल्याच. श्यामलाबाईंनी तळहात पुढं केला. "हे काय आहे हो?"

म्हातारीनं डोळे बारीक केले, टरफल उचललं, नखानं फोडलं. "सरकी हाय की, आमच्या म्हशींना घालतो ती. कुठं घावली?"

"माझ्या गाडीत. उंदरानं नेली."

"तर काय." तुळजाबाईंना विषय आयताच मिळाला. "दोन पोती फोडली बाई मेल्यांनी. पाऊस उघडल्यापास्नं नुस्ता धुडगूस. ह्याला सतरा वेळा सांगितलं, तुझ्या शेडमधनं येत्यात, पिंजरं लाव म्हनून. ह्याला येळ कुठाय?"

"आई, तू आत जा," जयसिंग म्हणाला.

तुळजाबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा उघड्या गाडीकडे, एकदा जमलेल्या माणसांकडे पाहिलं. काय झालं ते त्यांना आत्ता उमगत होतं. त्या आत गेल्या नाहीत. कुंपण धरून तिथंच उभ्या राहिल्या.

लॅपटॉपवाला तरुण हळूच म्हणाला, "माझी कार इथंच नाइटला असते ना?"

श्यामलाबाई म्हणाल्या, "जयसिंग, आमच्या सोसायटीत चोवीस फ्लॅट आहेत. म्हैस कुणीही पाळत नाही."

जयसिंगचा चेहरा तांबडा झाला होता. तो तिशीतला होता, शेडचं कर्ज डोक्यावर होतं, आणि दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. माणूस कोपऱ्यात सापडला की मिळेल ते हाती घेतो, तसं त्यानं केलं. "आता तुम्ही काहीही म्हणाल मॅडम. उंदीर काय, कुठंही असतो. गाडी हायवेला नेताना आधी चेक करायला पाहिजे होती ना? हॉर्न बंद, इंडिकेटर बंद, आणि तुम्ही लोणीपर्यंत गेलात. आरसा पण ठोकलाय. या वयात अंधारात अंदाज चुकतोच, त्याचं बिल पण माझ्यावर टाकणार का?"

हॉर्न नसलेली गाडी आपण रस्त्यावर काढली, हे खरंच होतं, आणि चार दिवस रात्री कूस बदलताना हेच श्यामलाबाईंना टोचत होतं.

बोलले ते दीनानाथ.

"मी शेजारी बसलो होतो," ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. फाइलवर शेरा लिहावा तसे एकेक शब्द ठेवत गेले. "दिवे गेले, काटे गेले, मागं कंटेनर. हिनं गाडी कशी बाजूला घेतली ते मी बघितलं. तिचा अंदाज चुकला असता तर आज तुमच्यासमोर बोलायला मी नसतो. आरसा कंटेनरनं दुमडला. तेव्हा वयाचं परत काढू नका."

श्यामलाबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. ते तिकडं बघत नव्हते. ते शेडमधल्या टेबलाकडे चालत गेले, जयसिंग आणि बाकीचे मागोमाग आले, आणि गिअरबॉक्सच्या कामाचं जुनं जॉबकार्ड खिशातून काढून त्यांनी उलगडलं. चेकबुकाबरोबर त्यांनी ते आणलं होतं हे श्यामलाबाईंना माहीत नव्हतं.

"गाडी आली ती तारीख, गेली ती तारीख. तुमच्याच अक्षरात. अकरा दिवस. तिसऱ्या दिवशीच्या फोनची नोंद हिच्या मोबाइलमध्ये आहे. आत्ता निघालेलं घरटं आम्ही पिशवीत घालून नेणार आहोत, आणि हे दोन गृहस्थ साक्षीला आहेत. मी छत्तीस वर्षं तक्रारअर्जच हाताळले. ग्राहक मंचात अर्ज कसा करायचा ते मला कुणाला विचारावं लागणार नाही. पण मला तो करायची हौस नाही. तुम्हाला आहे का?"

जयसिंग उभाच राहिला. किल्ल्यांच्या खिळ्यांकडे त्याची पाठ होती. मग कुंपणापलीकडून तुळजाबाईंचा आवाज आला, खालच्या पट्टीत, घरात बोलावं तसा. "जयसिंगा, दे त्यांची गाडी."

तो खुर्चीत बसला. बिल ओढून घेतलं, पेन उचललं, आणि सामानाच्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. रेघ मारताना पेन कागदात रुतलं. "सामान माझ्यावर," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "मजुरी आणि टोइंग मला परवडणार नाही, मॅडम. सोनबाला कामावर पैसे मिळतात. दोन दिवस मोडलेत त्याचे."

"टोइंगसुद्धा तुमच्यावरच..." श्यामलाबाईंनी सुरुवात केली, पण दीनानाथांनी तोवर चेकबुक उघडलं होतं.

"ट्रकवाल्यानं आपल्याला अंधारातून उचलून आणलं," ते म्हणाले. "त्याचा उंदराशी संबंध नाही." आणि दोन हजार नऊशेचा चेक लिहिला. श्यामलाबाईंना ते पटलं नाही, पण एवढ्या बोलण्यानंतर त्या माणसाला अडवायचं त्यांच्या जिवावर आलं.

मजुरीचे पैसे श्यामलाबाईंनी स्वतः, पर्समधून रोख काढले आणि मालकाला न देता मागच्या अंगणात जाऊन सोनबापुढं धरले. सोनबा जाळीच्या शेवटच्या क्लिपा बसवत होता.

"हे मला नगं," तो म्हणाला. "मजुरी मालक देत्याल. त्यांनी ठेवल्यात उंदीर." हे टेबलापर्यंत ऐकू गेलं, पण जयसिंगनं मान वर केली नाही. "तुमचं एवढंच करा, बाई. फुडच्या टायमाला माणसाचं नाव घ्यायच्या आधी वायर बघा."

"बघेन," श्यामलाबाई म्हणाल्या. नोटा हातात तशाच राहिल्या. त्यांनी त्या जयसिंगच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि म्हणाल्या, "हे सोनबाचे. त्यांना आजच द्या." त्यानं मान हलवली, भिंतीवरची किल्ली काढून दिली, आणि मग इतक्या हळू आवाजात की बाकावर ऐकू जाऊ नये, विचारलं, "मॅडम, पिंजरे लावले तर जातात का हो? की औषध घालू?"

"औषध घालू नका, म्हशी आहेत शेजारी. सरकी पत्र्याच्या पिंपात ठेवा आणि शेडच्या मागची भोकं बुजवा. पिंजरे भिंतीला चिकटून लावा, मोकळ्यावर नको."

गाडी बाहेर काढायच्या आधी त्यांनी सोनबाला समोर उभं करून एकेक दिवा लावून बघितला. डावा, उजवा, मोठा, छोटा, हॉर्न. तो प्रत्येक वेळी नुसता अंगठा वर करत होता. मग दीनानाथ शेजारी येऊन बसले. विकायचं बोलणं त्यांनी काढलं नाही, श्यामलाबाईंनीही काढलं नाही. घरट्याची पिशवी दीनानाथांच्या पायाशी होती. तिचा वास येत होता, म्हणून त्यांनी काच खाली केली. काच सरळ खाली गेली.

ऊन कडक होतं, दुपारचा एक वाजायला आला होता, आणि श्यामलाबाईंनी पुढचे दिवे चालूच ठेवले होते. पौड रोडला लागल्यापासून समोरून येणारा दर दुसरा स्कूटरवाला त्यांच्याकडे बघून हाताची बोटं मिटत-उघडत खूण करायचा, दिवा चालू राहिलाय म्हणून. सिग्नलला एक रिक्षावाला तर वाकून म्हणाला, "मावशी, लाइट."

"माहितीये," दीनानाथ खिडकीतून म्हणाले. "असू द्या."